शेतकरी कुटुंबाच्या मळ्यावरच्या विक्री केंद्रातून भाजी घेताना काय पाहावे?

राजारामपुरीतील गृहिणी

नमस्कार मंडळी,

आजवर आमच्या घरचे माळवे, म्हणजे भाजीपाला, कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतील रविवारच्या बाजारातून किंवा कपिलतीर्थ मंडईतून येत असे, आणि मधल्या वारी काही कमी पडले तर गल्लीत येणाऱ्या हातगाडीवरून. गेल्या दिवाळीच्या सुमारास पंचगंगेच्या पलीकडच्या एका गावात, रस्त्याला लागून असलेल्या आपल्या मळ्यातच, एका शेतकरी कुटुंबाने पत्र्याचे शेड उभारून विक्री सुरू केली आहे. आजोबा काट्यावर बसतात, सूनबाई मेथी-पोकळ्याच्या पेंड्या बांधतात आणि मुलगा मळ्यातून भरलेल्या बुट्ट्या आणून ठेवतो. भाजीच्या चवीत निश्चित फरक आहे. सासूबाई शिरोळकडच्या असून भाजीच्या बाबतीत त्यांचे समाधान सहसा होत नाही, पण तिथली वांगी त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा आणायला सांगितली.

आता आठवड्याची सगळी खरेदी तिथूनच करावी असे मनात आहे, परंतु काही गोष्टी मला स्पष्ट होत नाहीत. मेथी आणि वांग्याच्या शेजारी तिथे बटाटा आणि लसूणही असतो. तो त्यांच्या मळ्यातला असेल असे वाटत नाही, मग बाकीचा माल त्यांचाच आहे हे कसे ओळखायचे? दर ठरलेले असतात. कोथिंबीर कधी मंडईपेक्षा महाग पडते, तर कधी निम्म्या दरात मिळते. त्यामागचा हिशेब काय असावा? शेडवर ‘सेंद्रिय भाजीपाला’ अशी पाटी आहे, ती कितपत ग्राह्य धरावी? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मी यादी करून जाते आणि यादीतल्या निम्म्या भाज्या त्या दिवशी नसतात. जे नियमितपणे अशी खरेदी करतात, किंवा स्वतः अशी विक्री करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मळेकरीण, करवीर तालुका

ताई, आमच्या घरचीही अशीच विक्री आहे, त्यामुळे आमच्या बाजूने लिहिते.

यादीची अडचण आधी घेते, कारण तिच्यात बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरे आहेत. मंडईत माल अनेक गावांतून आणि परराज्यांतूनही येतो, म्हणून तिथे बाराही महिने सगळे दिसते. एका कुटुंबाचा मळा म्हणजे दीड-दोन एकर जमीन, तिच्यातही अर्धा ऊस. अशा मळ्यात एका वेळी सात-आठ प्रकारांपेक्षा जास्त काही तयार असूच शकत नाही. मेथी पेरल्यापासून महिनाभरात काढणीला येते आणि चार दिवसांत संपते. दुसरा वाफा आठवड्याच्या अंतराने पेरलेला असेल तरच पुढच्या आठवड्यात मेथी मिळते. वांग्याची तोडणी चार-पाच दिवसांआड होते, भेंडी दिवसाआड तोडावी लागते. भेंडी एक दिवस जास्त झाडावर राहिली तर निबर होते आणि आम्ही ती जनावरांना घालतो. तेव्हा तुम्ही भाज्यांची नावे घेऊन येण्याऐवजी जेवणाचा अंदाज घेऊन यावे, म्हणजे दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक शेंगभाजी. मग त्या दिवशी घेवडा असो की वरणा, चाकवत असो की पोकळा, तुमचे काम अडत नाही. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करून उद्या कशाची तोडणी आहे एवढे विचारले तरी पुरे. असा फोन आला की आम्हालाही नेमकी तोडणी करता येते.

माल आमचा की आणलेला, हे थेट विचारावे. विचारल्याचा राग येण्याचे कारण नाही. बटाटा तर बहुतेक इंदूर-आग्र्याकडचा असतो, लसूणही बाहेरचाच. आलेल्या माणसाला त्यासाठी दुसरीकडे जावे लागू नये म्हणून आम्ही तो मार्केट यार्डातून आणून ठेवतो, आणि तो वेगळ्या कोपऱ्यात ठेवून तसे सांगतो. ज्या शेडमध्ये आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत सफरचंद आणि भर पावसात कोबीचे ढीग दिसतात, तिथे मात्र दोन प्रश्न जास्त विचारावेत. एक साधी खूण सांगते. घरच्या तोडणीच्या मालात लहान-मोठे सगळे असते. एकाच मापाची, एकाच रंगाची, चकचकीत वांगी पाटीभर दिसली तर ती कुठेतरी प्रतवारी होऊन आलेली असतात. घरच्या वांग्याचा देठ हिरवा आणि काटे बोटाला टोचतील इतके ताठ असतात. वांगे हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागले तर त्यात बी भरले आहे असे समजावे. गवारीची शेंग वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. दोडक्याच्या शिरा नखाने दबल्या पाहिजेत. मेथीच्या पेंडीच्या मुळांना ओली माती असेल तर ती आजचीच उपटलेली आहे. मातीमुळे हात खराब होतात म्हणून काही ग्राहक धुतलेली पेंडी मागतात, पण धुतलेला पाला दुसऱ्या दिवशीच सडू लागतो, म्हणून आम्ही मुद्दाम धूत नाही.

दराबद्दल. यार्डात सौद्याला माल नेला तर गाडीभाडे आहे, हमाली आहे, तोलाई आहे, आणि सकाळी किती गाड्या आल्या यावर दर ठरतो. आवक वाढली की कोथिंबिरीची पेंडी कवडीमोल होते आणि पावसाने झोडपले की तीच पेंडी सोन्याच्या भावाने जाते. आम्ही मळ्यावर दर ठरवताना बियाणे, मजुरी आणि पाण्याचा खर्च धरून एक दर ठरवतो आणि तो फारसा हलवत नाही. म्हणून मंडई कोसळते तेव्हा आम्ही महाग दिसतो आणि मंडई चढते तेव्हा स्वस्त. वर्षाचा हिशेब लावला तर तुमचे नुकसान होत नाही. घासाघीस करू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. एक पेंडी जास्त मागितली तर आम्ही हसून घालतो, ते वेगळे. पण दहा रुपये किमतीच्या भाजीचे आठ रुपये करून घ्यायचे, तर त्या दोन रुपयांत सासूबाईंची पहाटेची खुरपणी गेलेली असते.

वेळेचेही सांगते. पालेभाजी आम्ही पहाटे, ऊन चढण्याआधी काढतो. सकाळी आठ-साडेआठपर्यंत आलात तर ती मिळते. फळभाजीची तोडणी बहुधा दुपारनंतर कलत्या उन्हात होते, म्हणून वांगी, टोमॅटो, दोडका संध्याकाळी पाचनंतर ताजे मिळतात. दुपारी बाराला येऊन मेथी सुकलेली आहे असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे ते कळत नाही.

निवृत्त कृषी सहायक

‘सेंद्रिय’ पाटीबद्दल थोडे लिहितो.

सेंद्रिय म्हणून पॅकबंद माल दुकानातून विकायचा असेल तर त्यावर प्रमाणीकरण लागते. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या दोन सरकारमान्य पद्धतींपैकी एकीचे, आणि सोबत सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह. मात्र छोट्या शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकला तर त्याला या अटीतून सूट देण्यात आली आहे. म्हणजे त्या शेडवर प्रमाणपत्र नसणे हा गुन्हा नव्हे. त्याच वेळी पाटी आहे म्हणून फवारणी झालेली नाही असाही अर्थ निघत नाही. पाटीवर विश्वास ठेवावा की नाही, हे वाचून ठरत नाही, मळ्यात जाऊन ठरते. मळ्यालगतच्या विक्रीचा हाच मोठा फायदा आहे की तुम्ही बांधापर्यंत चालत जाऊ शकता.

वांग्याचे उदाहरण घेऊ, कारण फवारणीचा खरा प्रश्न तिथेच आहे. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वांग्याची सर्वांत मोठी कीड आहे. अळी एकदा फळात शिरली की वरून केलेल्या फवारणीचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून घाबरलेला शेतकरी आठवड्याआड फवारत राहतो. जो शेतकरी जाणकार असतो तो वाळलेले शेंडे दिसताच खुडून नष्ट करतो, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून अडकवणारे) लावतो, निंबोळी अर्क वापरतो आणि अगदीच हाताबाहेर गेले तर औषध मारतो. तुम्ही मळ्यात गेलात आणि वांग्याच्या ओळींमध्ये काठ्यांवर टांगलेले ते छोटे प्लास्टिकचे सापळे दिसले, तर त्या कुटुंबाबद्दल माझे मत पाटी न वाचताच चांगले होईल. बुट्टीत एखादे किडके वांगे सापडणे हेही वाईट लक्षण नाही.

दुसरी गोष्ट, ‘औषध मारता का’ असे विचारू नये. त्याचे उत्तर सगळे ‘नाही’ असेच देतात. ‘शेवटची फवारणी कधी झाली आणि तोडणी किती दिवसांनी केली’ असे विचारावे. प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवसांचे अंतर ठेवायचे ते छापलेले असते. काही औषधांना ते अंतर दोन-तीन दिवसांचे असते, काहींना त्याहून बरेच जास्त. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही पाहावा: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. भाजीच्या मळ्यात लाल त्रिकोणाचा डबा असेल तर मी तिथली भाजी घेणार नाही. जो शेतकरी हे अंतर तोंडपाठ सांगतो, त्याच्याकडची भाजी पाटी नसली तरी मी निर्धास्तपणे घेतो.

आणि काटा पाहावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसणे आवश्यक असते. घरगुती विक्री आहे म्हणून यातून सूट नाही.

लक्ष्मीपुरीची नेहमीची ग्राहक

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु एक बाजू राहून जाते आहे असे वाटते. मंडई म्हणजे व्यापारी आणि मळा म्हणजे शेतकरी अशी सरळ विभागणी कोल्हापुरात होत नाही. रविवारी लक्ष्मीपुरीत रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेल्या ज्या बायका दिसतात, त्यांतल्या कितीतरी पहाटेच्या एसटीने आपल्या रानातला माल घेऊन आलेल्या असतात. त्यांच्यापुढे चार पेंड्या शेपू, थोडी चिवळ, एका फडक्यावर काळा घेवडा आणि पाच-सहा भोपळ्याची फुले असा तुटपुंजा, एकमेकांशी न जुळणारा माल असतो, आणि ज्या अर्थी तो न जुळणारा आहे त्या अर्थी तो घरचा आहे. त्यांना रस्त्यालगत जमीन नाही, शेड उभारायला पैसे नाहीत आणि आदल्या दिवशी फोन करणारे गाडीवाले ग्राहकही नाहीत.

त्यामुळे ‘आठवड्याची सगळी खरेदी तिथूनच’ हा ताईंचा बेत मला पटत नाही. दुसरे कारण असे की मळ्यावर जाण्यायेण्यात पेट्रोल आणि सकाळचे दोन तास जातात. राजारामपुरीतून नदीपलीकडे केवळ दोन पेंड्या मेथीसाठी जाणे हिशेबात बसत नाही. चार घरांनी मिळून आळीपाळीने जावे, आणि उरलेले मंडईतल्या त्या बायकांकडून घ्यावे. पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली की नदीकाठचे मळे पाण्याखाली जायला लागतात, आणि 2019 किंवा 2021 सारखा पूर आला तर पुढे कित्येक आठवडे त्या मळ्यांत काहीच नसते. तेव्हा आपल्याला भाजी पुरवतात त्या पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या डोंगरकपारीतून येणाऱ्या बायकाच: टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, अळू.

मळेकरीण, करवीर तालुका

काकू, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझ्या सासूबाईही शेड होण्याआधी वर्षानुवर्षे डोक्यावर डालगे घेऊन मंडईत येऊन बसत. 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हा आमच्यासारख्यांना मळ्यावर उघडपणे विकण्याचे धाडस आले. मात्र एक लक्षात घ्यावे. पुराच्या वर्षी मळा बुडाल्यावर जे ग्राहक पुन्हा चौकशी करत आले, त्यांच्या भरवशावरच आम्ही पुढची लागण केली. ग्राहक फक्त हंगामात आले तर आम्ही परत उसाकडेच वळतो, कारण ऊस पुरात अर्धा गेला तरी उरलेल्या अर्ध्याला कारखाना आहे. मेथीला कोण आहे?

राजारामपुरीतील गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. चार घरांनी मिळून जाण्याची कल्पना आमच्या इमारतीत लगेच पटली आहे. मंडईतल्या बायकांकडची खरेदी बंद करणार नाही, हेही सासूबाईंनी बजावले आहे.

एक शेवटचे विचारते. त्याच शेडमध्ये आता त्यांच्या भाऊबंदांच्या गुऱ्हाळाचा गूळ आणि घनसाळ तांदूळ म्हणून सुटा तांदूळ ठेवला आहे. गूळ काळपट तांबूस आहे, आणि दुकानातल्या पिवळ्याधमक गुळापेक्षा महाग आहे. तो वर्षभराचा घ्यावा का?

गुऱ्हाळावर वाढलेला

ताई, गुळाचा पिवळाधमक रंग आणि चांगुलपणा यांचा काही संबंध नाही. उसाचा रस काहिलीत उकळताना वर येणारी मळी काढण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. हे पूर्वापार चालत आले आहे आणि त्यात काही वावगे नाही. त्यापुढे जाऊन रंग उजळण्यासाठी हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घातले की गूळ पिवळा दिसतो. तो रंग टिकत नाही. काही महिन्यांनी तोच गूळ काळवंडतो. रसायन न घातलेला गूळ जमिनीप्रमाणे आणि उसाच्या जातीप्रमाणे तांबूस ते गडद तपकिरी होतो. 86032 किंवा 92005 या जातींचा ऊस गुळाला चांगला उतरतो, ते विचारून पाहावे.

किमतीची पडताळणी तुम्ही स्वतः करू शकता. एक टन उसापासून साधारण 100 ते 120 किलो गूळ निघतो. ऊस टनाला तीन हजारांच्या वर असताना किलोभर गुळामागे नुसत्या उसाचेच पंचवीस-तीस रुपये होतात. त्यावर गुळव्या (गूळ करणारा), जळव्या (चुलाण पेटते ठेवणारा), तोडणी, वाहतूक यांचा खर्च. इतक्या खर्चानंतरही कोणी फार स्वस्त गूळ देत असेल तर त्यात साखर मिसळली असण्याचा संभव असतो, आणि आपल्या जिल्ह्यातल्या प्रामाणिक गुऱ्हाळांना आज सर्वांत जास्त त्रास या साखरमिश्रित गुळाचाच आहे. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण सुट्या ढेपेवर ते दिसत नाही. म्हणून गुऱ्हाळ चालू असताना एकदा जाऊन यावे. काहिलीतून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करण्याच्या पसरट हौदात, ओतलेला गूळ फावड्याने हलवून गार होताना पाहिला, आणि शेजारी साखरेची रिकामी पोती दिसली नाहीत, की निश्चिंत व्हावे. वर्षभराचा घ्यायचा तर जानेवारी ते मार्च या काळात, कोरड्या हवेत घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यात उघडा राहिला तर तो पाझरू लागतो.

घनसाळाचे म्हणाल तर तो मुळात आजरा भागातला. 2016 मध्ये त्याला ‘आजरा घनसाळ’ म्हणून मानांकन मिळाले आहे. दाणा आखूड आणि जाडसर असतो. लांब, सडपातळ दाण्याला कोणी घनसाळ म्हणत असेल तर घेऊ नये. करवीरच्या मळ्यात तो पिकलेला नसणार, म्हणून आजऱ्यातल्या कोणाकडून आणला ते विचारावे. मूठभर शिजवून पाहावा. खरा असेल तर वास शेजारच्या खोलीत जातो. यंदाचा नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून जुना मिळाला तर तो घ्यावा.

राजारामपुरीतील गृहिणी

गुऱ्हाळावर येत्या रविवारी जाऊन येतो. मळेकरीण ताई, भोगीला वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर हे सगळे चार घरांसाठी लागेल. किती दिवस आधी सांगावे?

मळेकरीण, करवीर तालुका

आठवडाभर आधी सांगावे ताई. भोगीच्या आदल्या दिवशी सगळे कोल्हापूर पावटा मागते आणि तेव्हा झाडावर शेंग उरत नाही. आधी कळले तर त्या आठवड्यात एक तोडणी मागे ठेवता येते. हरभऱ्याचे डहाळे मात्र त्याच दिवशी सकाळी उपटून देणार, ते आदल्या दिवशी मागू नयेत. गाजर आमच्याकडे नाही. ते काकू म्हणतात तसे लक्ष्मीपुरीतून घ्यावे.